वाईट बातमी आधी

मॅडम कुणालाही अरे-तुरे करत नसत, आणि आम्हाला त्यांची भीती वाटायची ती त्यामुळेच. इतर साहेब शिकाऊ पोरांवर ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे आणि थोड्या वेळानं सगळं विसरून चहा पाजायचे. मॅडम ओरडत नसत. चूक झाली की खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणत, "अहो, जरा इकडे बघता का?" आवाज जितका मऊ, तितकी चूक मोठी. एकदा एका मुलाशी बोलताना त्यांनी "आपल्याला वेळ असेल तर" अशी सुरुवात केली आणि पुढचं ऐकायच्या आधीच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मुंबईतल्या एका मोठ्या गुंतवणूक बँकेत उन्हाळ्यापुरती इंटर्न म्हणून लागले होते. घर बेगडेवाडीला. आमच्या घरी बँक म्हणजे पासबुक भरून आणायची जागा. ह्या बँकेत पासबुक नव्हतं, काउंटर नव्हता. एक लांबच लांब दालन, त्यात टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दोन-तीन स्क्रीन. प्रत्येक रांगेला डेस्क म्हणत. कुठलं डेस्क शेअर्सचं, कुठलं परकीय चलनाचं. आम्ही इंटर्न मंडळींनी सुरुवातीचे काही आठवडे सगळ्या डेस्कांवर थोडं थोडं बसायचं, मग आपलं डेस्क निवडायचं. पण आपण निवडून भागत नव्हतं, डेस्कनंही आपल्याला घ्यावं लागे. ज्याला कुणीच घेणार नाही त्यानं प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. हे पहिल्याच दिवशी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

मॅडम बाँड विकणाऱ्या सेल्स डेस्कच्या प्रमुख. कंपन्या कर्ज काढतात तेव्हा त्याचे रोखे निघतात. ते रोखे विमा कंपन्यांना, ट्रस्टना, संस्थांना विकायचं काम ह्या डेस्कचं. दिवसभर फोन. आणि मला फोनची भीती. मेसेज कितीही लिहीन, पण अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की तळहाताला घाम यायचा. त्यामुळे हे एक डेस्क सोडून कुठलंही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. फोनवर बोलताना त्या उठून उभ्या राहत आणि डोळे मिटून घेत. भरल्या दालनात, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभी असलेली ही बाई पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हिला चक्कर येतेय. मी एकदा धीर करून कारण विचारलं. म्हणाल्या, "समोरचा दिसत नाही ना? मग आपण तरी इकडंतिकडं कशाला बघायचं. कान एकटे पडले की नीट ऐकतात."

त्यांच्या डेस्कवर दोन गोष्टी बोलायला बंदी होती. एक, ‘बहुतेक’. दुसरी, ‘घाबरू नका’. एका जुन्या सेल्समननं ग्राहकाला फोनवर "घाबरू नका साहेब" म्हटलं, तेव्हा मॅडम त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि फोन ठेवेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, आपण त्यांना काय झालंय ते सांगावं. घाबरण्यासारखं आहे की नाही ते त्यांना ठरवू द्यावं." आणि वाईट बातमी नेहमी आधी सांगायची. चांगली बातमी आधी दिली तर माणूस तिच्यातच रमतो, वाईट त्याला ऐकूच येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या मूळच्या लोणावळ्याच्या. कुणी चिक्की मागितली की म्हणत, "लोणावळ्याची मी आहे. चिक्की कारखान्याची असते." त्यांचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, खंडाळ्याच्या घाटात गाडी चढवताना मागून जे इंजिन लावतात त्याच्यावर. त्या इंजिनाला तिकडं बँकर म्हणतात. मॅडमना बँकेत नोकरी लागली तेव्हा आळीत पेढे वाटले, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई, बापाच्याच खात्यात लागली." हे सांगताना त्या स्वतः हसत नसत, त्यामुळे आम्ही हसावं की नाही ते कळायचं नाही. वडिलांचं एक वाक्य मात्र त्या नेहमी ऐकवत. घाट उतरताना ज्या ड्रायव्हरला भीती वाटत नाही, त्याच्या गाडीत बसू नये.

माझी आणि त्यांची पहिली ओळख अशीच झाली. त्यांच्या डेस्कवर माझा पहिला दिवस. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकलं केलं आणि म्हणाल्या, "मला बोगद्याची भीती वाटते. एक्स्प्रेसवेनं मी जात नाही, जुन्या रस्त्यानं जाते. तुम्हाला कशाची वाटते?"

रक्तगट विचारावा तसं विचारलं. मी खरं ते बोलून गेले, "फोनची."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या दिवशी त्यांनी मला एकही फोन लावायला सांगितला नाही. दिवसभर शेजारी बसवून दुसऱ्यांचे ऐकायला लावले.

मे महिन्यात बँकेनं आम्हा सगळ्यांना आठवडाभर लोणावळ्याला नेलं, तुंगार्लीच्या बाजूला एक प्रशिक्षण केंद्र होतं तिथं. रोज एकेका डेस्कचे प्रमुख मुंबईहून येऊन बोलायचे आणि शनिवारी सकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर आपलं डेस्क सांगायचं. माझ्या खोलीत ऋचा नावाची मुंबईची मुलगी होती. तिचं ठरलेलं होतं. मी रोज रात्री एक डेस्क ठरवायची आणि सकाळी दात घासताना बदलायची. घर तिथून लोकलनं तासाच्या आत, पण मी घरी फोनसुद्धा करत नव्हते. बाबा विचारतील, काय ठरलं, आणि मला सांगता येणार नाही, ह्याची धास्ती.

शुक्रवारी दुपारी मॅडमचं भाषण होतं. त्या बोलत असताना त्यांचा फोन थरथरला. मग हॉलमध्ये बसलेल्या दुसऱ्या साहेबांचा. मग आणखी एकाचा. मॅडमनी फोन उचलून वाचला आणि पालथा ठेवला. घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं मानांकन एकदम खाली आणलं होतं. म्हणजे ही कंपनी कर्ज फेडेलच ह्याची आता खात्री नाही, असं जाहीर झालं होतं. त्या कंपनीचे बाँड मॅडमच्या डेस्कनं अनेकांना विकलेले होते.

"आजचं शिकवणं संपलं," त्या म्हणाल्या. "ज्यांना सेल्स डेस्क बघायचंय त्यांनी माझ्यामागं यावं. बाकीच्यांनी चहा घ्यावा."

मी गेले. मला ते डेस्क हवं होतं म्हणून नाही. मी दाराशी बसले होते आणि बाहेर पडताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

व्हरांड्यात उभं राहून त्यांनी डोळे मिटून एकामागून एक फोन लावले. प्रत्येकाला तेच. काय झालंय. किती वाईट आहे. मी हे तुम्हाला विकलं होतं. माझ्या मते विकून टाका, माझं मत चुकू शकतं. मध्येच मुंबईहून त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. सोमवारपर्यंत कुणाला काही बोलू नका, असं ते म्हणत असावेत. ते का म्हणत होते हे मला नंतर कळलं. तेच बाँड बँकेकडेही पडून होते, आणि बँकेला स्वतः आधी बाहेर पडायचं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी थांबले असते साहेब. पण बातमी थांबत नाहीये." आणि त्यांनी पुढचा नंबर लावला.

एक फोन कुणी उचलेना. तळेगावातल्या एका कारखान्याच्या कामगारांच्या निवृत्तीच्या निधीचा ट्रस्ट होता. तीन-चारदा लावून झाल्यावर मॅडमनी पर्स उचलली.

"इथलं कोण आहे तुमच्यात?"

प्रशिक्षणाच्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"चला," त्या म्हणाल्या. "अशा ठिकाणी एकटीनं जायचं नसतं. आपण काय बोललो ते ऐकणारं दुसरं कुणीतरी लागतं."

गाडी त्या स्वतः चालवत होत्या, अर्थात जुन्या रस्त्यानं. कार्ला फाटा गेला. मी खिडकीबाहेर बघत होते. कारखान्याचं नाव मी व्हरांड्यातच ऐकलं होतं. कामशेतच्या जरा अलीकडे मी म्हणाले, "मॅडम, माझे बाबा त्याच कारखान्यात आहेत."

"कुठल्या खात्यात?"

"मशीन शॉपला. पण ते ट्रस्टवर आहेत. कामगारांच्या बाजूनं."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला एक मावशी पानांच्या द्रोणात करवंदं मांडून बसली होती. ती उठून काचेपाशी आली. मॅडमनी काच खाली केली, करवंदं घेतली, माझ्या मांडीवर ठेवली आणि काच वर केली.

"त्यांना ठाऊक आहे तुम्ही माझ्याकडे बसता ते?"

"बँकेचं नाव ठाऊक आहे. तुमचं मी कधी बोलले नाही."

"शेवटच्या खुर्चीवर बसतात ते? सगळ्यांचं झालं की एकच प्रश्न विचारतात?"

मी मान हलवली. घरीही बाबांचं तसंच आहे.

"आत यायचं की गाडीत बसायचं, तुम्ही ठरवावं," मॅडम म्हणाल्या. "गाडीत बसलात तर मी काही म्हणणार नाही, शब्द देते. पण आत आलात तर माझ्या बाजूला बसायचं. अध्येमध्ये खुर्ची नसते तिथं."

वडगाव येईपर्यंत मी ठरवत राहिले. गाडीत बसून राहावं असंच मला वाटत होतं. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे बाबा, आणि त्यांचे पैसे बुडाल्याचं सांगायला मी जाणार, तेही समोरच्या बाजूला बसून. पण मग गाडीत बसून मी काय करणार होते, हेही दिसत होतं. बाबा कारखान्यातून बाहेर येतील आणि गेटपाशी काचेआड मी. ते जास्त भयंकर वाटलं. गाडी गेटवर थांबली तेव्हा मी उतरले. मांडीवरची करवंदं आसनावर सांडली.

मॅडमनी गेटवरून निरोप पाठवला आणि कँटीनच्या मागच्या खोलीत बैठक बसली. कारखान्याचे हिशेब बघणारे साहेब, दोन अधिकारी, कामगारांच्या बाजूनं आबा म्हणून एक वयस्कर गृहस्थ आणि शेवटच्या खुर्चीवर बाबा. मला बघून बाबांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. निळा युनिफॉर्म, हाताला तेल. मी मॅडमशेजारी बसले आणि हात टेबलाखाली घेतले.

मॅडमनी सगळं सांगितलं. वाईट आधी.

आबा म्हणाले, "बाई, तुमी मागं हितंच बसून सांगितलं व्हतं, कागद चांगला हाय. आमी घेतला. आता म्हंता इका."

"होय."

"मंग तवा खरं का आत्ता खरं?"

"तेव्हा मला चांगला वाटला होता. माझं चुकलं."

"लोकास्नी काय सांगू मी? धा-धा वर्सं पगारातून कापलेलं हाय त्यांचं."

"माझं नाव सांगा. मी विकला म्हणून सांगा."

"नाव घिऊन काय चाटायचंय," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मग हिशेबाचे साहेब बोलले, अधिकारी बोलले. आज विकलं तर तोटा पक्का. ठेवलं तर कदाचित सगळं परत येईल, कदाचित काहीच नाही. बराच वेळ तेच ते फिरत राहिलं. शेवटी सगळ्यांचं बोलून झालं आणि बाबांनी घसा खाकरला. मला वाटलं ते मॅडमना विचारतील. ते माझ्याकडे बघत होते.

"मॅडम," बाबा मला म्हणाले, "तुम्ही ह्यांच्याबरोबर आलाय. तुमचं काय मत आहे?"

बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं ते तेव्हा. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. घाबरू नका, होईल सगळं नीट, असं म्हणावंसं वाटत होतं. बाबांना तर नक्कीच.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "विकलं तर नुकसान किती ते आज कळेल. ठेवलं तर ते कधी कळेल हेही मला माहीत नाही. मी शिकाऊ आहे."

बाबांनी मान डोलावली, जशी कुणाही परक्या बाईच्या उत्तराला डोलावतील तशी. ट्रस्टच्या मंडळींनी अर्धे बाँड विकायचं ठरवलं, अर्धे ठेवायचं. आबांना तेही पटलं नव्हतं, पण त्यांनी हात वर केला.

निघताना मॅडम बाथरूममध्ये गेल्या आणि खूप वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि पदराला पाणी. "उलटी होते मला दर वेळी," त्या म्हणाल्या, बोगद्याचं सांगितलं होतं त्याच सुरात. परतीच्या वाटेवर त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही.

मॅडमनी वरिष्ठांचं ऐकलं नाही, ही बातमी केंद्रावर आमच्या आधी पोचली होती. ऋचा म्हणाली, "तिला सोमवारी वर बोलावलंय. ते डेस्क घेऊ नकोस. ती राहिली तर तुझे हाल करील, गेली तर तुला कोण विचारणार?" तिचं खरंच होतं. सकाळी हॉलमध्ये सगळे प्रमुख मागच्या रांगेत बसले होते, मॅडमही. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "बाँड सेल्स."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मागून मॅडमचा मऊ आवाज आला, "अहो, का ते सांगता का?"

"मला तिथं भीती वाटते."

"ती इथं सगळीकडंच वाटेल तुम्हाला."

"हो. पण तिथं कशाची वाटते ते मला कळतं."

त्या खुर्चीतून उठल्या. मग प्रशिक्षणाच्या साहेबांना म्हणाल्या, "ह्यांना मी घेते. मी असेन तोवर."

रविवारी मी घरी गेले. शुक्रवारच्या बैठकीबद्दल बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुपारी जेवताना आईला म्हणाले, "परवा बँकेची एक बाई आली होती कारखान्यात. पैसे अडकलेत आमचे. बरोबर एक पोरगी होती. लय घाबरलेली."

आई माझ्या ताटात आमटी वाढत होती. "मग?" ती म्हणाली.

"मग काय. खोटं नाही बोलली," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. आईनं माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि अजून आमटी वाढू का म्हणून विचारलं.

पुढचं असं झालं. मॅडमना डेस्कवरून काढून वरच्या मजल्यावर एक खोली दिली. काम मोठ्या नावाचं, पण ग्राहकाशी बोलायचं नाही. काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि लोणावळ्याला राहायला गेल्या. ठेवलेल्या अर्ध्या बाँडांचे पैसे लांबत लांबत आले, पण सगळे नाही. विकलेल्यांत कमी बुडाले. बाबा निवृत्त झाले तेव्हा हातात ठरल्यापेक्षा कमी पडलं. गावाकडं जी पक्की खोली बांधायची होती ती पत्र्याचीच राहिली. आबा मला तळेगाव स्टेशनवर भेटतात. "त्या बाईचं काय झालं गं?" म्हणून विचारतात. राग आहे की काळजी, मला अजून कळलेलं नाही.

मला मात्र कॉलेज संपल्यावर त्याच डेस्कवर नोकरी मिळाली. आता तिथं नवे साहेब आहेत. हसतमुख आहेत, सगळ्यांना अरे-तुरे करतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साहेबांनी आम्हाला उभं करून सांगितलं की एका कंपनीचे बाँड आज संध्याकाळपर्यंत संपवायचेत. मी ते कागद आदल्या दिवशी वाचले होते. मला ते आवडले नव्हते, पण कुणी माझं मत विचारलं नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. लोणावळ्याच्या एका शाळेच्या ट्रस्टकडून बोलतेय, थोडी रक्कम गुंतवायची आहे, असं पलीकडून सांगितलं गेलं. ओळख दिली नाही, मीही विचारली नाही. गरज नव्हती. आमच्याकडे आज काय आहे, असं त्यांनी विचारलं. साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

मी उभी राहिले. "एक आहे," मी म्हणाले, "पण तुम्ही घेऊ नका."

पलीकडं कुठंतरी शाळेची घंटा वाजत होती.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"ग्राहक."

"मग? घेतलं?"

"नाही. मीच नको म्हणाले."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "दुपारी केबिनमध्ये ये," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दुपार व्हायला अजून खूप वेळ होता. तळहाताला घाम आला होता, तो मी ओढणीला पुसला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.